पोर्तुगीजभाषक प्रौढांमधील वाचन आकलन

पोर्तुगीजभाषक प्रौढांमधील वाचन आकलन म्हणजे पोर्तुगीज भाषेतील लिखित मजकूर वाचून त्याचा अर्थ समजून घेण्याची प्रौढांची क्षमता होय. ही क्षमता अनेक कौशल्यांवर अवलंबून असते. अक्षरांचे उच्चारात रूपांतर करणे, ओघवते वाचणे, शब्दसंग्रह, शब्दघटना व वाक्यरचना यांची जाण, अनुमान करणे आणि विषयाचे पूर्वज्ञान ही त्यांपैकी प्रमुख आहेत. मानसभाषाविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि मज्जाविज्ञान या शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. ब्राझील व पोर्तुगाल या देशांत जनगणनेतील साक्षरतेचे प्रमाण उच्च असले, तरी साक्षर गणल्या जाणाऱ्या अनेक प्रौढांना मोठ्या मजकुराचा अर्थ लावता येत नाही. त्यामुळे या विषयाला सामाजिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

सैद्धांतिक चौकट

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी सुचवली. तिच्यानुसार वाचन आकलन हा दोन घटकांचा गुणाकार आहे. पहिला घटक विसंकेतन, म्हणजे लिखित चिन्हांवरून शब्द ओळखणे. दुसरा घटक भाषिक आकलन, म्हणजे तोच मजकूर ऐकला असता समजणे. हा गुणाकार असल्यामुळे एक घटक शून्य असल्यास दुसरा कितीही सबळ असला तरी आकलन होत नाही. उत्तम बोलणारी निरक्षर व्यक्ती मजकूर वाचू शकत नाही. त्याचप्रमाणे, अक्षरे बिनचूक उच्चारणाऱ्या पण भाषा न जाणणाऱ्या व्यक्तीला त्यातून अर्थबोध होत नाही.

विसंकेतन पक्के झाले की आकलनातील व्यक्तिगत फरक मुख्यतः भाषिक आकलनातून निर्माण होतात. ज्या लेखनपद्धतीत अक्षर व उच्चार यांचा मेळ नियमित असतो, तिच्यात हा टप्पा तुलनेने लवकर येतो. मात्र प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्यांच्या बाबतीत वाचनाची गती हाच दीर्घकाळ अडथळा ठरू शकतो.

पोर्तुगीज लेखनपद्धतीची वैशिष्ट्ये

पोर्तुगीज लेखनपद्धती नियमिततेच्या दृष्टीने मध्यम स्वरूपाची मानली जाते. ती इंग्रजीपेक्षा बरीच नियमित, पण फिनिश किंवा इटालियनपेक्षा कमी नियमित आहे. रोमन वर्णमालेतील ‘एक्स’ या अक्षराचे पोर्तुगीजमध्ये चार उच्चार होतात. ‘शीकारा’ (पेला) मध्ये श, ‘एझामे’ (परीक्षा) मध्ये झ, ‘ताक्सी’ (टॅक्सी) मध्ये क्स आणि ‘प्रोसिमो’ (पुढील) मध्ये स.

आघातचिन्हांमुळे अर्थ बदलतो. ‘साबिआ’ हा शब्द पहिल्या अवयवावर आघात असल्यास ‘ज्ञानी स्त्री’, मधल्या अवयवावर असल्यास ‘माहीत होते’ आणि शेवटच्या अवयवावर असल्यास एका पक्ष्याचे नाव ठरतो. लेखनात हा भेद केवळ आघातचिन्ह कोठे आहे, किंवा ते आहे की नाही, यावरून कळतो.

युरोपीय पोर्तुगीजमध्ये आघातरहित स्वर क्षीण होतात किंवा गळतात. ब्राझीलमध्ये ‘तेलेफोनी’ असा स्पष्ट उच्चारला जाणारा शब्द लिस्बनमध्ये ‘त्लफॉन’ असा ऐकू येतो. लेखन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे आहे. त्यामुळे लिखित रूप आणि बोली रूप यांतील अंतर पोर्तुगालमधील वाचकासाठी अधिक असते.

प्रमुख कौशल्ये

स्वनजाणीव : शब्द सुट्या स्वनांचा बनलेला आहे हे ओळखण्याची क्षमता. जोझे मोराइस व सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांची तुलना प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांशी केली. शब्दाच्या आरंभी एखादे व्यंजन जोडणे किंवा तेथील व्यंजन वगळणे बहुतेक निरक्षरांना जमले नाही. प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांची कामगिरी बरीच चांगली होती. स्वनजाणीव केवळ वयानुसार आपोआप येत नाही, ती वर्णमालेच्या शिक्षणातून घडते, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

ओघ : शब्द अचूकपणे व विनासायास ओळखणे. प्रत्येक शब्द जुळवत वाचावा लागल्यास कार्यकारी स्मृतीवर ताण पडतो आणि वाक्याच्या अखेरीस येईपर्यंत त्याचा आरंभ विसरला जातो.

शब्दसंग्रह व रूपिकाजाणीव : पोर्तुगीजमध्ये उपसर्ग व प्रत्यय लावून असंख्य शब्द तयार होतात. ‘फेलिझ’ (सुखी) या शब्दापासून ‘इन्फेलिझ’ (दुःखी) आणि त्यापासून ‘इन्फेलिझमेंते’ (दुर्दैवाने) असे शब्द बनतात. ही घटना ओळखणारा वाचक अपरिचित दीर्घ शब्दाचाही अर्थ लावू शकतो.

वाक्यरचना व अनुमान : पोर्तुगीजमध्ये कर्ता अनेकदा वगळला जातो आणि तो क्रियापदाच्या रूपावरून ओळखावा लागतो. ‘सेउ’ या स्वामित्वदर्शक शब्दाचा अर्थ संदर्भानुसार त्याचा, तिचा, त्यांचा किंवा तुमचा असा होतो. नोटीस, करार किंवा औषधाची माहितीपत्रिका वाचताना असे संदर्भ मागील वाक्यांशी जोडावे लागतात. ते चुकल्यास प्रत्येक शब्द ओळखूनही आशय हाती लागत नाही.

पूर्वज्ञान व आत्मनिरीक्षण : विषयाची आधीची माहिती असल्यास मजकुरात न सांगितलेले दुवे वाचक स्वतः भरून काढतो. आपल्याला समजले नाही हे वेळीच ओळखून मागे जाऊन पुन्हा वाचणे, हेही सराईत वाचकाचे लक्षण आहे.

मज्जाविज्ञानातील संशोधन

१९९८ साली अलेशांद्रे काश्त्रू-काल्दाश व सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील निरक्षर व साक्षर स्त्रियांचा अभ्यास केला. अर्थपूर्ण शब्द ऐकून पुन्हा उच्चारण्यात दोन्ही गटांची कामगिरी सारखीच होती. अर्थहीन शब्दांच्या बाबतीत मात्र निरक्षर स्त्रियांना अधिक अडचण आली आणि त्यांच्या मेंदूतील क्रियाशीलतेतही फरक आढळला. २०१० साली स्तानिस्लास देहेन व सहकाऱ्यांनी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधील ६३ प्रौढांच्या मेंदूंचे प्रतिमांकन केले. शाळेत न गेलेल्या पण प्रौढपणी वाचायला शिकलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही दृष्टी व भाषा यांच्याशी संबंधित भागांत बदल झाल्याचे त्यात दिसून आले.

साक्षरता आणि आकलन यांतील तफावत

ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेनुसार १५ वर्षे व त्यावरील लोकसंख्येपैकी ९३ टक्के लोक साक्षर आहेत. साधे पत्र वा चिठ्ठी लिहितावाचता येणे हा तेथील निकष आहे. याउलट ‘कार्यात्मक साक्षरता निर्देशांक’ हे २००१ पासून होणारे सर्वेक्षण १५ ते ६४ वयोगटातील व्यक्तींना प्रत्यक्ष मजकूर वाचायला देऊन त्यांची क्षमता तपासते. २०१८ साली त्यात २९ टक्के व्यक्ती कार्यात्मक निरक्षर आढळल्या आणि केवळ १२ टक्के सर्वोच्च पातळीवर पोहोचल्या. २०२४ च्या फेरीतही कार्यात्मक निरक्षरांचे प्रमाण २९ टक्केच राहिले.

पोर्तुगालमध्ये सक्तीचे शिक्षण १९६४ साली सहा, १९८६ साली नऊ आणि २००९ साली बारा वर्षांचे करण्यात आले. त्यामुळे पिढ्यांमधील शालेय शिक्षणात मोठे अंतर आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात पोर्तुगालची वाचनातील सरासरी २३५ गुण होती. सहभागी सदस्य देशांची सरासरी २६० होती.

द्वितीय भाषा म्हणून पोर्तुगीज

मोझांबिकमध्ये पोर्तुगीज ही राजभाषा असली, तरी बहुसंख्य लोकांची मातृभाषा बांटू कुळातील आहे. गोव्यातही १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती, मात्र बहुसंख्यांची घरची भाषा कोकणी होती. अशा वाचकांच्या बाबतीत विसंकेतन पक्के असले, तरी पोर्तुगीज शब्दसंग्रह व वाक्यरचनेची जाण मर्यादित असल्यास आकलन खुंटते.

प्रौढ शिक्षणातील उपयोजन

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांसाठी ४० तासांचा साक्षरता वर्ग योजला. शिकणाऱ्यांच्या जीवनातील अर्थपूर्ण शब्दांपासून आरंभ करणे आणि त्यांवर चर्चा करून मग त्यांचे अवयव पाडणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. या पद्धतीत विसंकेतन आणि अर्थ यांची फारकत होत नाही. वरील संशोधनानुसार नवसाक्षरांसाठी स्वनजाणीव व ओघ यांचा पद्धतशीर सराव आवश्यक ठरतो. ओघवते वाचणाऱ्या पण अर्थ न उमगणाऱ्या प्रौढांसाठी शब्दसंग्रह, संदर्भ जोडणे आणि अनुमान यांवर भर द्यावा लागतो. एकाच वर्गात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असल्यास, अडचण नेमकी कोठे आहे हे आधी तपासणे महत्त्वाचे असते. त्यासाठी तोच मजकूर वाचायला देऊन व स्वतंत्रपणे ऐकवून आकलनाची तुलना करता येते.