‘मेल्ट’ आणि ‘स्मेल्ट’ : वितळणे व गाळणे

चंद्रपूरच्या ‘महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट’ या कारखान्याला जिल्ह्यात सारे ‘एमईएल’ याच आद्याक्षरांनी ओळखत. २०११ मध्ये तो ‘सेल’मध्ये विलीन झाला आणि पाटीवरचा ‘स्मेल्ट’ हा शब्दही गेला. वैनगंगेच्या अलीकडे गोंडपिपरी आणि पलीकडे आष्टी, आलापल्ली, एटापल्ली असा हा सारा मुलूख १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. त्याचा इतिहास लिहिताना मात्र या शब्दावाचून गत्यंतर नाही. आणि भाषांतरात त्याचीच सर्वाधिक हेळसांड होते.

आधी ‘मेल्ट’. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याच्या मुळाशी असलेल्या इंडो-युरोपीय धातूचा अर्थ ‘मऊ होणे’ असा होता. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये ‘मोलिस’ आणि संस्कृतात ‘मृदु’ हे शब्द आले. ‘मृदु’चे प्राकृतात ‘मउ’ झाले आणि मराठीत ‘मऊ’. म्हणजे आपला मऊ भात आणि इंग्रजांचे वितळणारे लोणी यांचे गोत्र एकच! ‘मोल्टन’ हे या क्रियापदाचे जुने रूप आता केवळ विशेषण म्हणून उरले आहे, तेही धातू, काच, लाव्हा अशा प्रखर उष्णतेच्या पदार्थांपुरते. लोणी कधी ‘मोल्टन’ होत नाही.

‘स्मेल्ट’ हा त्याचाच भाऊ, पण परक्या घरी वाढलेला. या भाषाकुळात काही धातूंच्या आरंभी ‘स’ कधी लागतो, कधी गळतो. जर्मनमध्ये तो टिकला व ‘श्मेल्त्सेन’ हे रूप झाले. डच व उत्तर जर्मन बोलींतून पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास तो इंग्रजीत आला, तो खाणकामाचा शब्द म्हणूनच. ‘एनॅमल’ हा शब्दही याच शाखेचा, फ्रेंचमार्गे आलेला. (‘स्मेल्ट’ नावाच्या माशाचा मात्र येथे संबंध नाही.)

दोन्ही शब्दांना कोशांत ‘वितळवणे’ असा एकच प्रतिशब्द दिला की घोटाळा होतो. ‘मेल्ट’मध्ये पदार्थ तोच राहतो, केवळ घनाचा द्रव होतो. ‘स्मेल्ट’मध्ये पदार्थच बदलतो. लोहखनिज म्हणजे प्राणवायूशी जखडलेले लोखंड. कोळशाच्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तो प्राणवायू ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो.

गंमत अशी, की मध्य भारतातील जंगलांत मातीच्या भट्ट्यांतून जे लोखंड निघे, ते वितळतच नसे. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. भाता आणि लाकडी कोळसा यांच्या जोरावर भट्टी साधारण बाराशे अंशांपर्यंत जाई. वितळून वाहे ती मळी. लोखंडाचा सच्छिद्र गोळा आत उरे आणि तो घणाखाली ठोकून शुद्ध करीत. मंडला भागातील आगरिया जमातीच्या या विद्येवर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. यासाठी मराठीचे ‘लोखंड गाळणे’ हे शब्द किती नेमके आहेत! गाळणे म्हणजे नको ते वाहू देऊन हवे ते राखणे. घडवलेल्या संस्कृतप्रचुर संज्ञांपेक्षा हेच क्रियापद स्वीकारावे, असे आमचे मत आहे.

या शब्दाने चांदा जिल्ह्याला एकदा हुलकावणीही दिली. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज समृद्ध, जवळच वरोऱ्याचा कोळसा. सारे जुळून येईल असे वाटले. पण तो कोळसा लोखंड गाळण्यास अयोग्य ठरला आणि परवान्याच्या अटीही जाचक निघाल्या. झोतभट्टीत कोळशाने केवळ जळून भागत नाही. खनिजाचा भार पेलणारा कणखर कोक त्यापासून व्हावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ वेल्ड यांनी चांद्याची जंगले पुन्हा तुडवली. परंतु कारखाना उभारण्याजोगे काही हाती लागले नाही. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्रामुळे लक्ष मयूरभंजकडे वळले, १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि पोलादाचे शहर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, वसले.

चांद्याचे खनिज जमिनीत राहिले. अलीकडच्या काळात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांवर खाणकाम सुरू झाले आणि त्याबरोबर संघर्षही. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे माओवाद्यांनी खनिज वाहून नेणारी कित्येक वाहने जाळली. घुग्घुसच्या कारखान्यात लोहखनिजापासून ‘स्पाँज आयर्न’ तयार होते. येथेही लोखंड वितळत नाही. प्राणवायू निघून गेल्यावर घन खनिजात सूक्ष्म छिद्रे उरतात, म्हणून ते ‘स्पाँज’. ते वितळते पुढे, पोलादाच्या विद्युतभट्टीत. आणि त्या क्रियेसाठी इंग्रजीत शब्द आहे ‘मेल्ट’.