नाताळच्या झाडाभोवती आगगाडी आली कोठून?

१. डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील आणि युरोपातील कित्येक घरांत माळ्यावरची खोकी खाली उतरतात. वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेले रूळ, डबे, इंजिने आणि पत्र्याची चिमुकली स्थानके बाहेर येतात. नाताळच्या झाडाभोवती रुळांचे एक कडे जुळते आणि गाडी फिरू लागते. येशूजन्माच्या कथेत गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. आगगाडी मात्र कोठेच नाही. मग ती तेथे पोहोचली कशी? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२. उत्तर एका ओळीचे नाही. धर्मश्रद्धेतून आलेली एक घरगुती प्रथा, जर्मन कारागिरांची व्यापारी दूरदृष्टी आणि घरात नव्याने आलेली वीज, असे तीन प्रवाह येथे एकत्र आले. प्रत्येकाचा उगम निराळा आहे. म्हणून एकेक पाहू.

३. पहिला प्रवाह धर्माचा. १७४१ च्या नाताळात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामध्ये मोरेव्हियन पंथाच्या जर्मनभाषक वसाहतकारांनी आपल्या नव्या वस्तीचे नाव बेथलेहेम ठेवले. या लोकांत नाताळात घरी ‘पुट्झ’ मांडण्याची चाल होती. शेवाळ, झाडांचे बुंधे, दगड आणि लाकडी बाहुल्या यांतून येशूजन्माचा देखावा उभा करायचा. सजवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून हा शब्द आला.

४. कालांतराने या देखाव्यात गव्हाणीच्या जोडीला गावही वसू लागले. पाणचक्की आली, कुंपणे आली, आरशाच्या तुकड्याचे तळे आले. बाल्टिमोर शहरात अशा देखाव्यांना ‘ख्रिसमस गार्डन’ म्हणत. तेथे अग्निशमन केंद्रांतही ते मांडले जात. दिवाळीत अंगणात किल्ला बांधून, त्यावर अळीव पेरून, मावळ्यांच्या शेजारी खुशाल प्लास्टिकची मोटार उभी करणाऱ्या मराठी वाचकाला ही प्रक्रिया निराळी समजावून सांगावी लागू नये. सणाच्या देखाव्यात भोवतालचे जग असेच शिरते. एकोणिसाव्या शतकातील भोवतालच्या जगात आगगाडी होती.

५. दुसरा प्रवाह जर्मनीचा. खेळण्यातील गाड्या आधीही होत्या. पण त्या जमिनीवर हाताने ढकलायच्या किंवा चावी देऊन सोडायच्या. इंग्लंडमध्ये पितळेची खरीखुरी वाफेवर चालणारी छोटी इंजिने मिळत. ती धावताना मागे पाण्याचा ओघळ सोडीत, म्हणून त्यांना ठिबकणारी अशा अर्थाचे टोपणनावच पडले होते. यांपैकी बहुतेक गाड्यांना रूळ नव्हते आणि एका कारखान्याची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूशी जुळत नव्हती.

६. गोपिंगेन गावातील मेर्कलिन या घराण्याने १८५९ पासून बाहुलीच्या भातुकलीसाठी पत्र्याची भांडी बनविण्याचा व्यवसाय केला. या धंद्यातील एक मर्म त्यांना ठाऊक होते. भातुकली एकदा घेतली की ती कधीच पुरी होत नाही. दर सणाला तिच्यात भर पडते. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी हेच तत्त्व आगगाडीला लावून दाखविले. चावीची गाडी, जोडता येणारे रूळ, सांधे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मांडणी त्यांनी तेथे मांडली.

७. या मांडणीतील क्रांतिकारक गोष्ट इंजिन नव्हते. माप हे होते. रुळांमधील अंतरांना मेर्कलिनने क्रमांक दिले: १, २, ३. पुढे त्याहून लहान माप आले, तेव्हा त्याला शून्य क्रमांक मिळाला. त्यात रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर. त्याच्याही निम्मे माप निघाले, ते ‘अर्धे शून्य’, म्हणजेच आजचे एचओ. त्यात १६.५ मिलिमीटरचे रूळ असतात आणि सर्व वस्तू खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याच्या. आज जगभर याच मापाचे छंदी सर्वाधिक आहेत.

८. माप ठरल्यामुळे यंदाचा डबा गेल्या वर्षीच्या रुळांवर धावू लागला. एका नाताळात इंजिन व रुळांचे वर्तुळ, पुढच्या नाताळात सांधे, त्यानंतर पूल, त्यानंतर स्थानक. भेट एकदाच देऊन संपणारी राहिली नाही. ती वर्षानुवर्षे वाढू लागली. आगगाडी आणि नाताळ यांची गाठ पक्की होण्यामागे भावनेइतकाच हा हिशेबही आहे.

९. तिसरा प्रवाह विजेचा. १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातील नाताळच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लावले. तोवर झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावीत आणि आगीच्या भीतीने पाण्याची बादली जवळ ठेवीत. वीज झाडापर्यंत आली, तेव्हा झाडाखालच्या खेळण्यापासून ती फार दूर राहिली नव्हती.

१०. १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणाने लायोनेल कंपनी सुरू केली. पुढच्या वर्षी त्याने दुकानाच्या काचेमागे मालाचे लक्ष वेधावे म्हणून एक विजेवर चालणारा उघडा डबा तयार केला. ग्राहक थांबले, पण मालाऐवजी त्या डब्याचीच किंमत विचारू लागले. कोवेन गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होता, तेव्हा त्याच्या आठवणी जपूनच स्वीकाराव्यात. मात्र कंपनीची पहिली गाडी दुकानातील शोभेसाठी बनली होती, हे मान्य आहे. आणखी एक नोंद: अमेरिकन नाताळाचे हे प्रतीक घडविणारा कोवेन हा स्थलांतरित ज्यू आईबापांचा मुलगा होता.

११. त्या काळी बहुसंख्य घरांत वीज नव्हती. सुरुवातीच्या गाड्या घटांवर, म्हणजे बॅटरीवर, चालत. लायोनेलने १९०६ मध्ये मध्यभागी तिसरा रूळ असलेली पद्धत आणली. तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. दोनच रुळांतून वीज खेळविली आणि मार्ग वळवून पुन्हा स्वतःलाच मिळविला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. मधला रूळ वीज आणणारा आणि बाहेरचे दोन्ही परत नेणारे असले, की मूल हवे तसे वळसे घालू शकते. दिसायला खोटे, पण चालवायला सोपे.

१२. १९१८ मध्ये हा सणच अडचणीत आला. पहिले महायुद्ध चालू होते. साधनसामग्री युद्धासाठी वाचावी म्हणून त्या वर्षी नाताळच्या खेळण्यांवर निर्बंध घालण्याचा विचार अमेरिकेची राष्ट्रीय संरक्षण परिषद करीत होती. खेळणी उत्पादकांच्या संघटनेचा अध्यक्ष ए. सी. गिल्बर्ट वॉशिंग्टनला गेला. हा गृहस्थ १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीचे सुवर्णपदक विभागून मिळविणारा आणि ‘इरेक्टर’ या लोखंडी पट्ट्यांच्या बांधणीसंचाचा जनक.

१३. गिल्बर्टने सोबत खेळणीच नेली. त्याच्या आठवणींनुसार मंत्रिमहोदय थोड्याच वेळात ती हाताळण्यात रमले. निर्बंधाचा विचार मागे पडला आणि वृत्तपत्रांनी गिल्बर्टला नाताळ वाचविणारा माणूस ठरविले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या प्रसंगाचा मुख्य साक्षीदार आणि मुख्य लाभार्थी एकच आहे. त्याने मांडलेला युक्तिवाद मात्र पुढे फार काळ टिकला. खेळण्यातून मुलगा उद्याचा अभियंता होतो, असे तो सांगत असे.

१४. ‘मुलगा’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. खेळण्यातील आगगाडीच्या जाहिरातींत दशकानुदशके बाप आणि मुलगा रुळांपाशी दिसतात. आई व बहीण असल्याच तर मागे उभ्या राहून पाहतात. १९५७ मध्ये लायोनेलने मुलींसाठी गाडी काढली. इंजिन गुलाबी, डबे फिकट रंगांचे. ती विकली गेली नाही. मुलींना आगगाडी हवी असेल तर ती खऱ्या आगगाडीसारखी काळीच हवी असेल, हे उत्पादकांच्या ध्यानात आले नव्हते. ज्या वस्तूने मुलांना सांधे, वीज आणि वेळापत्रक शिकविले, तिच्यापासून निम्मी मुले दूर ठेवली गेली.

१५. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, लायोनेल न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेली. त्या नाताळात एक डॉलरला मिळणारी मिकी व मिनी माउसची चावीची ढकलगाडी प्रचंड खपली. ‘उंदराने कंपनी वाचविली’ ही आख्यायिका आजही सांगितली जाते. परंतु एक डॉलरच्या खेळण्यातील नफा तो किती? त्याच सुमारास लायोनेलने युनियन पॅसिफिक रेल्वेच्या नव्या, निमुळत्या आकाराच्या गाडीची प्रतिकृतीही बाजारात आणली होती. कंपनी सावरली ती अनेक कारणांनी. लक्षात राहिला तो उंदीर.

१६. याच वर्षांत खेळण्याचा छंद झाला. १९३४ मध्ये मिलवॉकी येथून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघाले आणि १९३५ मध्ये छंदी लोकांची राष्ट्रीय संघटना तेथेच स्थापन झाली. निरनिराळ्या उत्पादकांची चाके एकाच रुळावर धावावीत म्हणून प्रमाणके ठरविणे हे तिचे मुख्य काम. झाडाखालचे तात्पुरते वर्तुळ आता फळीवर चढले आणि तळघरात कायमचे राहू लागले.

१७. फळीवर चढताच भूमिती आडवी येते. प्लायवूडचा पूर्ण तक्ता चार फूट रुंद व आठ फूट लांब. एचओ मापातील १८ इंच त्रिज्येच्या वळणाला ३६ इंच रुंदी लागते, म्हणून ते ४८ इंचांत बसते. पण १८ इंचांना ८७ ने गुणले तर खऱ्या मापात जेमतेम ४० मीटर होतात; मुख्य मार्गावरील खरी गाडी एवढ्या तीव्र वळणावर वळणारच नाही. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यास सुमारे तीन इंच उंची हवी. शंभर इंचांत तीन इंच असा चढ ठेवला, तर त्यासाठी शंभर इंच, म्हणजे तक्त्याच्या लांबीहूनही अधिक अंतर लागते. सुटीत पहिल्यांदा डोंगर व बोगदा करायला बसलेल्या प्रत्येकाला रेल्वे अभियंत्याची जुनी अडचण अशी गुडघ्यावर बसून कळते.

१८. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकेत धातूची खेळणी बनविणे थांबले. लायोनेलचा कारखाना नौदलासाठी होकायंत्रे व उपकरणे बनवू लागला. १९४३ च्या नाताळाला कंपनीने एक डॉलरला पुठ्ठ्याची मालगाडी दिली. छापलेले असंख्य तुकडे कापून, दुमडून, खाचांत बसवून ती जुळवायची. जुळविणे इतके जिकिरीचे की कित्येक संच तसेच पडून राहिले. आज संग्राहकांना ते न जुळविलेल्या स्थितीत सापडतात, ते त्यामुळेच.

१९. युद्धानंतर १९४६ मध्ये एमआयटीमध्ये ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन झाला. तेथे काही विद्यार्थी डोंगर व घरे रंगवीत, तर काही फळीखाली शिरून टेलिफोन यंत्रणेतील रिले जोडून गाड्यांचे नियंत्रण साधीत. चतुराईने केलेल्या जोडणीला ते ‘हॅक’ म्हणत. यांतील काहीजण पुढे संस्थेतील संगणकांकडे वळले, आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्यासोबत संगणकाच्या जगात गेला. १९६२ च्या ‘स्पेसवॉर’ या आद्य संगणकीय खेळामागेही याच मंडळींचा हात होता.

२०. मग ओहोटी लागली. १९५० च्या दशकात अमेरिकन प्रवासी मोटारीकडे आणि विमानाकडे वळले. ज्या मुलाने खरी आगगाडी पाहिलीच नाही, त्याला खेळण्यातील गाडीचे आकर्षण कसे वाटावे? १९५९ मध्ये कोवेनने आपले समभाग विकले. १९६७ मध्ये लायोनेल दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी गिल्बर्टची कंपनीही मोडीत निघाली. नाव मात्र टिकले, नव्या मालकांच्या हाती गेले, आणि लायोनेलच्या गाड्या आजही मिळतात.

२१. या इतिहासाचा एक धागा पुण्यातही आहे. कोथरूड येथील भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून लघुरेल्वेचे नगर उभारले आणि ते १९९८ पासून संग्रहालयाच्या रूपाने लोकांना पाहता येते. तेथे एकाच मांडणीवर विविध प्रकारच्या गाड्या सिग्नलनुसार धावतात. सुटीत मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. मुलींनाही.

२२. जाता जाता अभ्यासाची एक सवय. जुने खेळणे हाती आले तर ते उलटे करून पाहा. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे कायद्याने बंधनकारक झाले. त्यामुळे तळावरची छोटी अक्षरे कालनिर्णयास मदत करतात. रुळांमधील अंतर मोजा. ते कोणत्या मापाचे, यावरून ते कोणाच्या गाड्यांशी जुळावे अशी अपेक्षा होती हे कळते. आणि स्वतः मांडणी करीत असाल, तर फळीच्या खालच्या बाजूला तारीख आणि करणाऱ्यांची नावे लिहून ठेवा. जानेवारीत खोकी पुन्हा माळ्यावर जातील; ती पुढे कोणी तरी उघडणार आहे.