लघुव्यवसाय आणि नगरसभा : नंजनगूडच्या निमित्ताने

म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर कपिला अर्थात काबिनी नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे श्रीकंठेश्वराच्या मंदिरामुळे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. मंदिराच्या वाटेवर फुले, नारळ व केळी विकणारे, बाजारपेठेतील दुकानदार आणि शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने अशा तिन्ही प्रकारचे व्यवसाय येथे जवळजवळ नांदतात. वैद्य बी. व्ही. पंडित यांनी १९१३ साली स्थापन केलेल्या सद्वैद्यशाळेचे दंतमंजन याच गावाच्या नावाने घरोघरी पोहोचले. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन देणारे मंडळ राज्य शासनाचे आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याचे भवितव्य मात्र बव्हंशी नगरसभेच्या हाती असते.

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये लघुउद्योग, तसेच बाजार व जत्रा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत तो नाही. तेथे आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन असे व्यापक शब्द आहेत. व्यवसायाला साहाय्य करणे हे आपले काम नव्हे, असा समज नगर प्रशासनात रुजण्यास ही शब्दरचना सोयीची ठरते. वस्तुतः जागा, परवाना आणि देयके या तीन गोष्टी स्थानिक संस्थेच्याच अखत्यारीत येतात व लहान व्यावसायिकाचे बरेचसे नफानुकसान त्यांवरच ठरते.

यांपैकी जागेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणाऱ्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करणे बंधनकारक आहे. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. ५० वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजाराचा दर्जा देऊन तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर टाळण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

विक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के इतकी आहे. २०११ च्या जनगणनेत नंजनगूडची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती; त्या हिशेबाने ही संख्या साधारण साडेबाराशे होते. परंतु मंदिराच्या गावात ग्राहक स्थानिक नसतो. दोड्ड जात्रेच्या, म्हणजे मोठ्या रथोत्सवाच्या दिवसांत गावात येणारा जनसमुदाय या गणितात कोठेच धरलेला नाही. पंढरपूरची वारी पाहिलेल्या वाचकांना ही अडचण वेगळी सांगावयास नको. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केले जाते, यावरही कोणाचे नाव यादीत येते हे अवलंबून राहते.

यादीत नाव नसण्याची किंमत मोठी आहे. प्रधानमंत्री स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. तिचे पहिले कर्ज १० हजार रुपयांचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही मर्यादा १५ हजारांवर नेली. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात अनुक्रमे २५ व ५० हजार रुपये मिळतात. कर्ज बँक देते. परंतु ओळखपत्र, प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र देणारी संस्था नगरसभाच. ते न मिळाल्यास फुलवालीला पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागते.

देयकांबाबत २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा स्पष्ट आहे. सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक असून, विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. या बंधनातून स्थानिक संस्थाही सुटत नाहीत. कंदील दुरुस्त करणारा किंवा छपाईवाला आपल्याच नगरसभेविरुद्ध व्याजाची मागणी करील, ही अपेक्षा मात्र भाबडी ठरेल.

येथील 'नंजनगूड रसबाळे' या केळीला भौगोलिक मानांकन आहे. मर रोगामुळे तिची लागवड कमालीची घटली. रोगमुक्त रोपे पुरविणे हे फलोत्पादन खात्याचे काम. मात्र मानांकित केळीच्या नोंदणीकृत उत्पादकांसाठी मंदिराजवळ दोन-चार गाळे राखून ठेवणे नगरसभेला शक्य आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.