हृदयसाहाय्यक पंप व तालविकृती
दुर्बल डाव्या निलयातील रक्त महारोहिणीत लोटणारे, शरीरात बसविलेले साधन. मायकेल डेबेकी यांनी ह्यूस्टन येथे १९६६ मध्ये तात्पुरता पंप यशस्वीपणे वापरला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. आरोपणापर्यंतचा आधार म्हणून अमेरिकेत १९९४ मध्ये पंपास मान्यता मिळाली. २००८ मध्ये अखंड प्रवाहाचा पंपही मान्य झाला. अशा पंपामुळे निलयाचे आकुंचन विस्कळित होऊनही रुग्ण कधीकधी शुद्धीवर राहतो. तथापि उजवा निलय पंपास रक्त पुरवू न शकल्यास प्रवाह घटतो. हृद्‌स्नायूतील व्रण व पंपाचे अतिशोषण ही विकृतीची प्रमुख कारणे होत. अतिशोषण असल्यास पंपाची गती कमी करतात. एरवी औषधे व विद्युत् धक्का योजतात.