भोवळ, रक्त काढल्यानंतरची

तपासणीसाठी किंवा रक्तदानासाठी शिरेत सुई टोचताना अथवा त्यानंतर थोड्याच वेळात येणारी घेरी, अंधारी किंवा गळाठा. ‘रक्त कमी झालं’ हे तिचे घरोघरी सांगितले जाणारे कारण बहुतेक वेळा खरे नसते. तपासणीच्या एका नळीत २ ते ५ मिलि. रक्त मावते, प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे ५ लिटर असते. काहींना तर सुई लागण्यापूर्वी, स्पिरिटच्या वासानेच गरगरते.

भीती, वेदना किंवा रक्ताचे नुसते दर्शन यांमुळे आधी नाडी व रक्तदाब चढतात. मग एकाएकी व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात. रक्त पायांत व पोटात साठते, मेंदूला काही क्षण अपुरे पडते. ब्रिटिश हृद्रोगतज्ज्ञ टॉमस लुइस यांनी १९३२ मध्ये दाखवले, की अ‍ॅट्रोपीन दिल्यावर नाडी सुधारते, पण रक्तदाब खालीच राहतो; म्हणजे दोष एकट्या हृदयाचा नाही. मोठ्या रक्तस्रावात नाडी सहसा धावते, येथे ती मंदावते.

जांभया, मळमळ, कानांत गुणगुण, दरदरून घाम ही पूर्वचिन्हे. शुद्ध हरपताना हातपाय झटकले गेले, की जमलेली मंडळी फिट समजून कांदा हुंगवतात. त्याहून वाईट म्हणजे खुर्चीत सरळ बसवून तोंडात पाणी ओतणे. आडवे करून पाय उचलले, की बहुधा मिनिटभरात शुद्ध येते. थकवा मात्र काही तास रेंगाळतो.

रक्तदानाचा हिशेब निराळा. भारतात वजनानुसार ३५० किंवा ४५० मिलि. रक्त घेतात. द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुन्हा रक्त देण्यापूर्वी पुरुषांनी ९०, स्त्रियांनी १२० दिवस थांबायचे असते.

‘उपाशीपोटी या’ म्हटले, की अनेक जण निर्जळीच करतात. वास्तविक साधे पाणी बहुधा चालते. सुईला घाबरणाऱ्यांसाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८०च्या दशकात एक युक्ती रुळवली: मांड्या, पोट व दंड १०–१५ सेकंद आवळून धरायचे, मग सोडायचे, असे पुनःपुन्हा. टोचायचा हात तेवढा सैल ठेवायचा.