हाक आणि कान : समुद्रावरील बिनतारी संवादाचा इतिहास

मराठी साहित्यात समुद्र पुष्कळ आला आहे, पण तो बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला समुद्र आहे. सावरकरांची १९०९ सालची सुप्रसिद्ध कविताही ब्रायटनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची आहे. तिच्यातला समुद्र ओलांडून नेणारा आहे, बुडविणारा नव्हे. तांडेल, नाखवा, खलाशी यांनी स्वतः लिहिलेले आपल्याकडे फार थोडे. त्यामुळे बुडणाऱ्या माणसाची हाक कोणाला ऐकू जाते, हा दर्यावर्दी जीवनातला अगदी मूलभूत प्रश्न आपल्या वाङ्मयचर्चेत जवळजवळ आलेला नाही. तो यंत्रशास्त्राचा प्रश्न म्हणून आपण सोडून दिला. प्रस्तुत लेखात आम्ही तो इतिहासाचा, आणि काही अंशी भाषेचा, प्रश्न म्हणून पाहणार आहोत.

१७ जुलै १९४७. आषाढाची अखेर. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे निघाली. अंतर थोडे आणि उतारू नेहमीचे. सणासाठी गावी निघालेले कामगार, व्यापारी, कोळी. बोटही जुनी म्हणता येणार नाही, १९३६ सालची बांधणी. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती कलली आणि काही मिनिटांतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत हा आकडा आजही नावानिशी मोजला जातो. परंतु आम्हांला येथे एका वेगळ्या तपशिलाकडे लक्ष वेधायचे आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरापासून काही मैलांवर, दिवसाढवळ्या बोट बुडाली आणि पोहून किनाऱ्याला लागलेली माणसे सांगेपर्यंत, म्हणजे कित्येक तास, मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. जे वाचले त्यांतले अनेक जण मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांमुळे वाचले. त्या होड्यांना कोणी संदेश पाठविला नव्हता. त्या वाटेत होत्या, एवढेच.

१८८८ साली कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ऊर्फ 'विजळी' अशीच नाहीशी झाली होती. पण त्या वेळी जगात कुठल्याच जहाजावर बिनतारी यंत्र नव्हते, तेव्हा तिचे मौन हे काळाचे मौन होते. 'रामदास'चे तसे म्हणता येत नाही.

'बिनतारी' हा शब्दच पाहा. मराठीने या शोधाला जे नाव दिले ते त्यात काय नाही यावरून दिले. तारायंत्र लोकांच्या ओळखीचे होते, तारेवाचून तार ही नवलाची गोष्ट. इंग्रजीतही आधी तसेच झाले. समुद्राच्या बाबतीत मात्र हा अभाव हेच सामर्थ्य होते. कारण जमिनीवर तारेला पर्याय होते, चालत्या जहाजाला ते कधीच नव्हते. मार्कोनीच्या प्रयोगांना पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १८९९ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन वाळूपट्ट्यावरच्या दीपनौकेने बिनतारी यंत्राने मदत मागविली. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा संकेत ठरला. पुढे लोकांनी 'एसओएस'ला निरनिराळी इंग्रजी वाक्ये चिकटविली. मुळात तो कशाचाही संक्षेप नव्हता. कानाला चटकन ओळखू येणारा ताल, इतकाच त्याचा अर्थ.

कान हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. १९१२ च्या एप्रिलमधील 'टायटॅनिक'ची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ती बहुधा हिमनगाची कथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते ती ऐकण्याची कथा आहे. 'कॅलिफोर्नियन' हे जहाज काही मैलांवरच बर्फात थांबलेले होते. त्याच्यावर बिनतारी यंत्र होते, एक तरुण चालकही होता. त्याने बर्फाची सूचना देण्याचा प्रयत्न केला तेव्हा 'टायटॅनिक'वरचा चालक प्रवाशांचे खाजगी संदेश किनाऱ्याकडे पाठविण्यात गुंतला होता. त्याने ह्याला गप्प बसविले. साडेअकराच्या सुमारास हा एकटा चालक यंत्र बंद करून झोपला. टक्कर अकरा चाळीसला झाली. हाक ऐकली ती ५८ मैलांवरच्या 'कार्पेथिया'ने, आणि तीसुद्धा तिथला चालक झोपण्याच्या तयारीत असूनही अजून कानयंत्र लावून होता म्हणून.

यातून जे नियम निघाले ते बोलण्याविषयी कमी आणि ऐकण्याविषयी अधिक होते. १९१४ च्या लंडन कराराने प्रवासी जहाजांवर अहोरात्र कान लावून बसण्याची सक्ती आणली. पुढच्या काळात तर एक विलक्षण प्रथा पडली. जहाजांच्या बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पाचरी रंगविलेल्या असत : प्रत्येक तासाची पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ही मिनिटे. त्या तीन मिनिटांत संकटाच्या लहरीवर सर्वांनी गप्प राहायचे आणि एखादा क्षीण आवाज येतो का ते ऐकायचे. जगभरच्या समुद्रावर तासातून दोनदा पाळले जाणारे हे मौन आम्हांला विसाव्या शतकातल्या सुंदर सामाजिक करारांपैकी एक वाटते. ते १९९९ साली संपले. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून उपग्रह आणि अंकीय संकेतांची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, मोर्स निवृत्त झाले, आणि माणसाऐवजी यंत्र कान लावून बसू लागले.

हा प्रगतीचा इतिहास झाला. पण तो कोणाच्या प्रगतीचा, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे सारे करार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांसाठी होते. मासेमारी नौका त्यांतून वगळलेल्या. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटी ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलेल्या. १९९९ ची व्यवस्थाही मुख्यतः ३०० टनांवरच्या जहाजांना बंधनकारक. म्हणजे 'टायटॅनिक'च्या धड्याला काशाच्या खडकापर्यंत पोहोचायला पस्तीस वर्षे पुरली नाहीत. आपल्याकडे अडचण आणखी एक होती. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला होता. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे यंत्र आधी हेराचे होते, मग खलाशाचे.

लहान बोटीला यंत्र मिळण्यापूर्वी दोन गोष्टी घडाव्या लागल्या : मोर्सची जागा बोलीने घेतली, आणि यंत्र हातात मावू लागले. पहिलीत भाषेच्या अभ्यासकाला रस वाटावा. बोलून मदत मागायची तर 'एसओएस' चालत नाही, कारण खरखरीत 'स' ओळखू येत नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड याने 'मेडे' हा शब्द सुचविला. विमानांची ये-जा पॅरिसशी होती, म्हणून 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा हा इंग्रजी उच्चार. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने तो मान्य केला. गंमत अशी की, कोणताही फ्रेंच माणूस घाबरल्यावर नेमके असे ओरडणार नाही. हा कुणाच्याच मातृभाषेतला शब्द नाही, आणि कदाचित म्हणूनच तो हर्णैच्या तांडेलाला जितका परका तितकाच लिस्बनच्या नावाड्यालाही.

या हाकेची रचना तर एखाद्या वृत्तासारखी बांधलेली आहे. 'मेडे' तीनदा. बोटीचे नाव तीनदा. पुन्हा एकदा 'मेडे' आणि नाव. मग ठिकाण, मग संकट काय ते, कोणती मदत हवी, बोटीवर माणसे किती, आणि शेवटी 'ओव्हर'. गोष्ट सांगणारा माणूस स्वभावतः 'काय झाले' येथून सुरुवात करतो. येथे 'कुठे' आधी येते. कारण उघड आहे. वाक्य मध्येच तुटले, यंत्र भिजले, तरी ठिकाण तोवर पोहोचलेले असते. कारण कळले नाही तरी बोट शोधता येते. ठिकाणच कळले नाही तर काहीच करता येत नाही. आणि या वाक्याला संबोधन नाही. ते 'अहो, अमुक' असे कोणाला उद्देशून नसते, जो ऐकेल त्याला उद्देशून असते.

हातात मावणारे यंत्र युद्धाने दिले. अमेरिकेतल्या गॅल्विन कंपनीने, जी पुढे मोटोरोला झाली, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी एका हातात धरता येईल असा संच बनविला. तो १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर होता. म्हणजे 'रामदास' बुडाली तेव्हा हातात धरायचा रेडिओ जगात अस्तित्वात होता. १९५७ च्या हेग परिषदेनंतर समुद्रावर व्हीएचएफ लहरींची वाटणी झाली आणि १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सोळावा चॅनेल, हाक मारण्याचा आणि संकटाचा ठरला.

या लहरींचा स्वभाव समजला की यंत्र कसे निवडावे हेही आपोआप समजते. त्या जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात आणि क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. बोटीत उभ्या माणसाच्या हातातला संच पाण्यापासून दोन मीटरांवर असतो; त्याचे क्षितिज पाच-सहा किलोमीटरांचे. अशा दोन होड्यांचा संवाद तत्त्वतः दहा-अकरा किलोमीटर, व्यवहारात त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच धरावा. पण ऐकणारी अँटेना किनाऱ्यावर शंभर मीटर उंचीवर असेल तर तिच्या बाजूने चाळीसएक किलोमीटर मिळतात. तेव्हा जाहिरातीत पाच वॅटचे सहा वॅट झाले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही; येथे गळ्याच्या जोरापेक्षा कानाची उंची मोठी. बोटीवर बसविलेला पंचवीस वॅटचा संच आणि उंच डोलकाठीवरची अँटेना अर्थातच श्रेष्ठ. पण बोट उलटली की तो संच बोटीबरोबरच जातो. हातातला संच हा बोटीसाठी नसून माणसासाठी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणून त्याने पाणी सोसले पाहिजे (आयपीएक्स-७ या खुणेचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास), आणि शक्यतो तो तरंगला पाहिजे. या दोन गोष्टी एक नव्हेत. पाण्यात न बिघडणारा संच तळाशी जाऊन शाबूत राहिला तर उपयोग काय? बटणे ओल्या, गारठलेल्या बोटांनी दाबता आली पाहिजेत. बोलताना विजेचा खर्च सर्वाधिक, म्हणून जवळच्या बोटीशी एक वॅटवर बोलावे आणि जादा बॅटरी कोरडी ठेवावी. जीपीएस आणि अंकीय हाकेची सोय असलेल्या संचावर झाकणाखाली लाल बटण असते. ते दाबून धरले की सत्तराव्या चॅनेलवर बोटीची ओळख आणि ठिकाण आपोआप जाते. ही ओळख म्हणजे नऊ आकडी क्रमांक, भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होणारा. तो परवान्याबरोबर घेऊन यंत्रात भरावा लागतो. न भरता संच पेटीतून काढून तसाच बोटीवर नेला, तर ते लाल बटण शोभेचे. आणि संच जाकिटाला बांधलेला असावा, केबिनमधल्या खिळ्याला टांगलेला नव्हे.

मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. किनाऱ्यालगत तो चालतो, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावाच. परंतु मोबाइल एका माणसाला बोलावतो. रेडिओ आसपासच्या सगळ्यांना. 'रामदास'चे उतारू ज्यांनी उचलले ती माणसे कुणाच्याही यादीत नव्हती. सोळाव्या चॅनेलवर अशीच वाटेतली माणसे असतात, जर ती ऐकत असतील तर. तिथे मासळीच्या भावाच्या गप्पा मारणाऱ्याला 'टायटॅनिक'वरचा तो प्रवाशांचे संदेश पाठविण्यात गुंतलेला चालक आठवावा, असे आम्हांला वाटते.

खोल समुद्रात जाणाऱ्यांना मात्र व्हीएचएफ पुरत नाही, हे २०१७ च्या ओखी वादळात दिसले. केरळ-तमिळनाडूच्या अनेक नौका इशारा निघण्याआधीच दूर गेल्या होत्या. किनाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेना. कित्येक माणसे परतली नाहीत. काही नौका भरकटत आपल्या देवगडच्या आश्रयाला आल्या. अशांसाठी इस्रोने तयार केलेले, उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठविणारे यंत्र २०१० पासून वापरात होते. बटण दाबले की संदेश जाई. पण तो कोणी ऐकला की नाही, हे दाबणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने या यंत्राची दुसरी पिढी आणली. तीत उलट निरोप येतो : तुमची हाक पोहोचली आहे, मदत निघाली आहे. १९१२ पासून मोजले तर एकशे बारा वर्षांनी आपल्या लहान होडीतल्या माणसाला पलीकडे कान आहे याची खूण मिळू लागली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आजही लाँच जाते.