मेणाळ तेलाची वाट: दिगबोई ते होसकोटे

सतराव्या शतकात बंगळूरसह शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या होसकोटे परिसरात, देवनगोंथी येथे, आज तेल कंपन्यांची मोठी साठवण आगारे उभी असून २००३ साली सुरू झालेल्या मंगळूर–हासन–बंगळूर नळवाहिनीतून तेथे तयार इंधने येतात. ही इंधने सह्याद्रीची चढण ओलांडून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर सुरळीत वाहतात, परंतु भारतीय कच्चे तेल बहुधा मेणाळ असते आणि ते वाहते ठेवण्याची धडपड हा या उद्योगाच्या इतिहासातील फार मोलाचा, तरीही दुर्लक्षित भाग आहे.

मेण म्हणजे साधारण अठरा वा अधिक कार्बन अणूंच्या लांब साखळ्यांचे पॅराफिन. भूगर्भातील उष्णतेत ते तेलात विरघळलेले असते आणि तेल थंडावू लागले की त्याचे स्फटिक वेगळे होतात. ज्या तापमानाखाली तेल वाहायचेच थांबते, त्याला ओतबिंदू म्हणतात. मात्र केवळ तापमानावर सारे ठरत नाही. विहिरीतून वर येताना दाब घटून हलके वायू निसटले की उरलेल्या तेलाची मेण विरघळवण्याची शक्ती कमी होते, तेलातील अस्फाल्टीन आणि राळसदृश घटक स्फटिकांची घडण बदलतात, आणि नळीची भिंत आतील तेलापेक्षा जितकी थंड, तितका थर तिच्यावर लवकर धरतो. पातळ पापुद्र्यांसारखे हे स्फटिक एकमेकांत अडकून जाळे विणतात, त्यामुळे दोन-चार टक्के मेण सुटले तरी उरलेले सारे द्रव तेल त्या जाळ्यात कोंडून घट्ट होऊ शकते.

आसामात दिगबोईला १९०१ साली शुद्धीकरण कारखाना सुरू झाला तेव्हा हेच मेण विकाऊ माल ठरले. तेल तेथल्या तेथे शुद्ध होत असल्याने लांब वाहतुकीचा प्रश्न नव्हता. तो उभा राहिला १९५३ मध्ये आसामातीलच नाहरकटियाचे तेल सापडल्यावर. ते बिहारमधील बरौनीपर्यंत सुमारे ११५० किलोमीटर न्यायचे होते, आणि त्याचा ओतबिंदू आसामच्या हिवाळी तापमानाहून बराच वर होता. उपाय असा निघाला की तेल आधी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सारे मेण विरघळवायचे आणि मग ते ठरावीक गतीने थंड करायचे, म्हणजे स्फटिकांचे जाळे दुबळे राहते. थंड होण्याचा वेगही मेणाचे वर्तन ठरवतो, हे तत्त्व इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरात आणणारी ही योजना भारतीय तंत्रज्ञानातील खरोखर धाडसी योजनांपैकी एक होती.

महाराष्ट्राशी हा प्रश्न जोडला गेला तो १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या सागरी खनन मंचाने अरबी समुद्रातील मुंबई हाय क्षेत्रात तेल शोधल्यावर. १९७६ साली उत्पादन सुरू झाले, प्रारंभी तेल टँकरने आणले गेले आणि १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत नळवाहिनी आली. हे तेल हलके आणि गंधक अत्यल्प असलेले, म्हणजे उत्तम प्रतीचे. परंतु त्याचा ओतबिंदू ३० अंशांच्या आसपास. समुद्रतळाचे पाणी त्याहून थंड असल्याने प्रवाह मंदावला किंवा वाहिनी बंद पडली तर आतील तेल गोठण्याचा धोका असतो, कारण संथ तेलाला थंड व्हायला सवड मिळते आणि जाळे मोडणारे घर्षणही उरत नाही. यासाठी ओतबिंदू खाली आणणारी बहुवारिक रसायने वापरली जातात. ती स्फटिकांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना एकमेकांशी जुळू देत नाहीत. जमलेला थर खरवडण्यासाठी ‘पिग’ नावाचे यंत्र नळीतून सोडतात.

राजस्थानातील मंगला क्षेत्राचे तेल याहून हट्टी, ओतबिंदू ४० अंशांच्या वर; म्हणून बाडमेरहून गुजरातकडे जाणारी सारी वाहिनी उष्णतारोधक आवरणात ठेवून विजेने तापवावी लागली.

मुंबई हायचे तेल मंगळूरच्या कारखान्यातही शुद्ध होते, तरी तेथून निघणाऱ्या डिझेलमध्येही थोडे पॅराफिन उरतेच. त्यामुळे देशात डिझेलच्या ओतबिंदूची मर्यादा ऋतूनुसार ठरलेली आहे, उन्हाळ्यात १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश, आणि होसकोट्याच्या टाक्यांत उतरणाऱ्या डिझेललाही हीच मर्यादा लागू आहे.